बाहेर ४५, गाडी म्हणते उणे ४० : डिझेल टेम्परेचर सेन्सरचा घोळ

मानेवाडा_ते_बुटीबोरी (धागाकर्ता) | १९ मे, रात्री १०:२०

मंडळी, डोकं खाजवून थकलो म्हणून इथे टाकतोय. गाडी २०१५ ची डिझेल सेडान, कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच हाय प्रेशर नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल), १ लाख १८ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद 'ती घेतलीच कशाला' यावरच जातील.

सकाळी कामावर जाताना गाडी लोण्यासारखी. दुपारी चारला वर्धा रोडने परतताना पिवळी इंजिन लाइट लागते आणि गाडी दम सोडते. चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी ऐंशीच्या वर जायचा कंटाळा. बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली, की कधी ठीक, कधी तीच रड.

गाडीचे बिघाड कोड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल लावला. कोड आला पी०१८३, म्हणजे डिझेल टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटचा. लाइव्ह डेटा उघडला तर कूलंट ९१, आत येणारी हवा ५२ आणि डिझेलचं तापमान उणे ४०. समोर डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान ४५. नागपुरात मे महिन्यात उणे ४० चं डिझेल घेऊन फिरणारा मी एकटाच असेन.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कोड वाचला आणि बॉनेट न उघडताच सांगितलं, सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खं फिल्टर हेड, म्हणजे डिझेल फिल्टरचं डोकं, बदलावं लागेल. ११,६०० चं एस्टिमेट. घरी मल्टिमीटर आहे, दरवर्षी कुलरची मोटर आणि पंप मीच तपासतो, त्यामुळे वायरीची भीती नाही. सुरुवात कुठून करू?

डिझेलभाऊ_भंडारा_रोड | १९ मे, रात्री १०:४१

भाऊ, सेन्सर गेला तुमचा. बदलून टाका नं. ह्याच्यात इचार कायचा करून राहिले?

हिंगण्याचा_वायरवाला | १९ मे, रात्री ११:३०

थांबा हो डिझेलभाऊ. उणे ४० म्हणजे सेन्सरच खराब असं नाही, सर्किट कुठेतरी तुटलंय. बावीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय, पी०१८३ घेऊन आलेल्या निम्म्याअधिक गाड्यांत सेन्सर ठणठणीत निघतो.

आधी हा सेन्सर असतो काय ते सांगतो. आत एक थर्मिस्टर असतो, एनटीसी जातीचा. म्हणजे गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, थंड झाला की वाढतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आपल्या पोटातल्या एका रेझिस्टरमधून त्याला ५ व्होल्ट पाठवतो आणि वाटेत किती व्होल्ट उरले ते बघतो. डिझेल गरम, रेझिस्टन्स कमी, व्होल्टेज खाली. डिझेल थंड, व्होल्टेज वर. आता वायरच तुटली तर? रेझिस्टन्स अनंत, व्होल्टेज पूर्ण ५. ईसीयूला वाटतं, एवढं थंड म्हणजे हिमालयच. त्याच्या तक्त्यातला सगळ्यात खालचा आकडा, म्हणजे बऱ्याच गाड्यांत उणे ४०, तो दाखवून मोकळा होतो. म्हणून पी०१८३ ला 'हाय' म्हणतात. हाय म्हणजे तापमान नव्हे, व्होल्टेज. इथेच लोक फसतात. उलट वायर बॉडीला टेकली तर पी०१८२, 'लो', आणि तापमान मात्र भलतंच वर.

ईसीयूला आपला आकडा खोटा आहे हे कळलं की तो मनाने एक आकडा धरतो आणि काही गाड्यांत सावधगिरी म्हणून पॉवर कापतो. तुमची गाडी दम सोडते ती त्यामुळे.

उद्या इंजिन थंड असताना हे करा. सेन्सर कुठे आहे ते शोधा. कुठल्या गाडीत हाय प्रेशर पंपावर असतो, कुठल्या रिटर्न लाइनवर, कुठल्या डिझेल फिल्टरच्या डोक्यात. तुमचं एस्टिमेट फिल्टर हेडचं आहे, म्हणजे तिथेच असणार. दोन वायरींचा कनेक्टर काढा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांवर मीटर लावा, ५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. ते आले तर त्याच दोन पिनांमध्ये साध्या १ किलो-ओहमचा रेझिस्टर अडकवा. तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन-तीन रुपयांना मिळतो. अ‍ॅपवर ४५ च्या जवळपास आकडा आला तर ईसीयू आणि वायर दोन्ही निर्दोष, घोळ सेन्सरमध्ये नाहीतर त्याच्या पिनांत.

एक मोठ्याने सांगतो : जवळच तीन वायरींचा सेन्सर दिसेल, तो रेल प्रेशरचा. त्याच्या पिनांत काहीही घालू नका. तिथे ५ व्होल्ट थेट येतात, मध्ये रेझिस्टर नसतो. शॉर्ट झालं तर सोबत बाकीचे सेन्सरही मान टाकतात.

संत्रा_टर्बो | १९ मे, रात्री ११:४८

म्हणजे १ किलो-ओहम लावला की गाडीला वाटतं नागपुरात मे महिना आहे. मग तोच कायमचा लावून टेप मारा नं राव. दोन रुपयांत काम. माझ्या मित्राने केलंय, दोन वर्षं झाली.

हिंगण्याचा_वायरवाला | १९ मे, रात्री ११:५५

मित्राची गाडी कोणत्या गॅरेजला येते ते सांगा, मला गिऱ्हाईक मिळेल.

धंतोलीची | २० मे, सकाळी ७:१०

संत्रा टर्बो, तो जुगाड का करू नये ते सांगते. इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते, त्यामुळे खडू हातात घेतल्याशिवाय राहवत नाही.

डिझेल तापलं की फुगतं, साधारण एका डिग्रीला ०.०८ टक्के. म्हणजे ४० डिग्रीचा फरक पडला तर त्याच मापातल्या डिझेलचं वजन ३ टक्क्यांहून जास्त घटतं. इंजेक्टर मोजतो वेळ, वजन नाही. त्यामुळे तापमान कळलं तर ईसीयू किती वेळ उघडायचं ते नीट ठरवू शकतो. शिवाय तापलेलं डिझेल पातळ होतं. हाय प्रेशर पंपाला तेलपाणी डिझेलचंच असतं, वेगळं ऑइल नसतं. डिझेल फार पातळ झालं की पंपाचे भाग एकमेकांवर घासतात. म्हणून बऱ्याच गाड्यांत डिझेल ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की ईसीयू स्वतःच पॉवर कमी करतो. कायमचा रेझिस्टर म्हणजे थर्मामीटरवर ९८.६ लिहून चिकटवण्यासारखं आहे. ताप चढला तरी कळणार नाही.

डिझेलभाऊ_भंडारा_रोड | २० मे, सकाळी ८:०५

ताई बरोबर बोलून राहिल्या. आमच्या गाडीचं सांगतो. रेलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत येते नं, ते चांगलं कढत असते. टाकी भरून असली तर त्यात मिसळून जाते. चतुर्थांश टाकीवर उन्हात चालवली तर तेच डिझेल घुमून-घुमून येते आन् टाकीले हात लावू देत नाही. उन्हाळ्यात मी अर्ध्याच्या खाली जाऊच देत नाही.

कामठी_एक्सप्रेस | २० मे, सकाळी ८:३०

डिझेल फुगतं म्हणता, मग पहाटे भरलं तर जास्त मिळतं हे खरं ना? बाबा आयुष्यभर पहाटे पाचला पंपावर जायचे.

धंतोलीची | २० मे, सकाळी ९:१२

गणित खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. दिवसभरात तिथलं तापमान फारसं हलत नाही. बाबांना पहाटेचा रिकामा रस्ता आवडत असेल.

कामठी_एक्सप्रेस | २० मे, सकाळी ९:१५

ते आईला चुकवून तर्री पोहे खायला जायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मानेवाडा_ते_बुटीबोरी | २० मे, रात्री ९:४०

वायरवाले भाऊ, तुम्ही सांगितलं तसं केलं. सेन्सर फिल्टरच्या डोक्यातच आहे, खालून स्क्रूने बसवलेला, म्हणजे सुटा निघतो. 'सुटा मिळत नाही' असं कुणी का सांगितलं असेल त्यावर मी बोलत नाही.

चावी ऑन, पिनांवर ४.९८ व्होल्ट. रेझिस्टर लावला, अ‍ॅपवर ४४. वाटलं, मग गेला सेन्सरच. पण संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर गरम इंजिनवर सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावलं तर ८४० ओहम. नेटवर तक्ता सापडला : २० डिग्रीला २.५ किलो-ओहम, ८० डिग्रीला ३०० च्या आसपास. ८४० म्हणजे साधारण ५० डिग्री. म्हणजे सेन्सर बरोबर, वायर बरोबर, ईसीयू बरोबर आणि गाडी तरी बिघडलेली. आता काय?

हिंगण्याचा_वायरवाला | २० मे, रात्री १०:०२

आता हलवायचं. कनेक्टर परत लावा, इंजिन सुरू ठेवा, लाइव्ह डेटावर डोळा ठेवा आणि कनेक्टरपासून मागे एकेक बोट सरकत वायर हळूच वाकवत चला. तुटलेली वायर उभी असताना जोडलेली दिसते, हलली की सुटते. तुमची गाडी सकाळी ठीक आणि दुपारी वाईट, कारण इंजिन बे तापला की इन्सुलेशन मऊ होऊन वायर लोंबते आणि आतली तार दूर होते.

पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब. बाही गुंडाळा. आणि जाड स्टीलच्या पाइपांना हात लावू नका, चालू इंजिनवर त्यांच्यात हजार बारच्या वर प्रेशर असू शकतं. गळतीची बारीक धार कातडीतून आत जाते. 'थोडंसं लागलं' म्हणून सोडून द्यायची ती जखम नव्हे, थेट हॉस्पिटल.

मानेवाडा_ते_बुटीबोरी | २१ मे, सकाळी ७:२५

सापडलं!

मुलीला मोबाइल देऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मी बॉनेटखाली. ती आकडे ओरडतेय : त्रेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस... आणि कनेक्टरपासून चार बोटं मागे वायर वाकवली की 'बाबा, मायनस फॉर्टी!' सोडली की चव्वेचाळीस. तीन वेळा केलं, तीनदा तेच.

वरून बघाल तर काहीच नाही. काळी टेप निखळली होती, खाली इन्सुलेशनवर एक चकाकती घासलेली खूण आणि त्या जागी वायर नूडलसारखी मऊ. नखाने इन्सुलेशन सोललं तर आतल्या तारा हिरव्या पडलेल्या, दोनच शिल्लक. शेजारच्या ब्रॅकेटला एक रिकामं भोक. तिथे क्लिप असायला हवी होती. आठ महिन्यांपूर्वी फिल्टर बदलला तेव्हा कुणीतरी ती परत लावलीच नाही. तेव्हापासून वायर ब्रॅकेटवर घासत होती.

संत्रा_टर्बो | २१ मे, सकाळी ७:४०

आठ रुपयांची क्लिप आणि ११,६०० चं एस्टिमेट.

हिंगण्याचा_वायरवाला | २१ मे, सकाळी ८:००

शाब्बास. आता नुसती पिळून टेप मारू नका, पावसाळ्यात परत माझ्याकडेच येईल. हिरवी पडलेली सगळी कापा, चकाकतं तांबं दिसेपर्यंत. त्याच जाडीचा नवा तुकडा जोडा, सोल्डर करा, आणि त्याआधी आठवणीने हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळते ती) ओवा. मी स्वतः तीनदा विसरलोय. आणि क्लिप. क्लिप लावल्याशिवाय बॉनेट बंद करायचं नाही.

मानेवाडा_ते_बुटीबोरी | २१ मे, रात्री १०:१५

झालं. नळी विसरलो होतो, सोल्डर उचकटून परत केलं. कोड पुसला, चाळीस किलोमीटर चालवली, उणे ४० नाही, लाइट नाही. सगळ्यांचे आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

धंतोलीची | २१ मे, रात्री १०:५०

बंद करू नका. तुमच्या काल रात्रीच्या प्रतिसादात एक गोष्ट खटकली. ८४० ओहम म्हणजे ५० डिग्री म्हणून सेन्सर बरोबर, असं म्हणालात. पण डिझेल त्या वेळी खरंच ५० डिग्री होतं हे कुणी सांगितलं? सेन्सरचा आकडा सेन्सरलाच विचारून तपासला तुम्ही.

उद्या पहाटे गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन सुरू न करता, फक्त चावी ऑन करून तीन आकडे बघा : कूलंट, आत येणारी हवा, डिझेल. रात्रभरात सगळं एकाच तापमानाला येतं. तिन्ही तीन-चार डिग्रीच्या आत हवेत.

डिझेलभाऊ_भंडारा_रोड | २१ मे, रात्री ११:०५

ताई सोडत नाही कोणाले 😄

मानेवाडा_ते_बुटीबोरी | २२ मे, सकाळी ६:०५

कूलंट ३१. हवा ३२. डिझेल १७.

ताई, तुम्ही माझी झोप उडवलीत.

धंतोलीची | २२ मे, सकाळी ६:४०

आता कनेक्टर काढून फक्त सेन्सर मोजा, इंजिन तापायच्या आत. ३१ डिग्रीला त्या तक्त्याप्रमाणे १.६ किलो-ओहम यायला हवेत. सेन्सरवर १.६ आले तर जास्तीचा रेझिस्टन्स कनेक्टरच्या पिनांत किंवा तुमच्या नव्या जोडात आहे. २.८ च्या आसपास आले तर सेन्सरच घसरलाय, म्हणजे चुकीचा आकडा देतोय.

मानेवाडा_ते_बुटीबोरी | २२ मे, सकाळी ७:०२

२.८३.

म्हणजे डिझेलभाऊ पहिल्याच प्रतिसादात बरोबर होते?

हिंगण्याचा_वायरवाला | २२ मे, सकाळी ७:३०

डिझेलभाऊ बरोबर निघाले, पण तुम्ही पहिल्याच दिवशी नवा सेन्सर टाकला असता तर दुसऱ्या दिवशी दुपारी वर्धा रोडवर परत उणे ४० आलं असतं आणि तुम्ही म्हटलं असतं नवा सेन्सरही डुप्लिकेट. दोन दुखणी होती. मोठं दुखणं लहानाला झाकून बसलं होतं.

माझीही चूक मान्य करतो. ८४० वाचलं आणि मीही 'ठीक' म्हणून पुढे गेलो.

असा घसरलेला सेन्सर लगेच कोड देत नाही. आकडा तक्त्यात बसतो, फक्त खोटा असतो. कधीतरी थंड स्टार्टला ईसीयूने इतर सेन्सरांशी ताडून पाहिलं तर पी०१८१ येतो, नाहीतर वर्षभर पत्ता नाही. कनेक्टर ओला आहे का बघा. काही सेन्सरांच्या पोटातून डिझेल झिरपून पिनांपर्यंत येतं.

मानेवाडा_ते_बुटीबोरी | २२ मे, रात्री ९:५०

ओला नाही, पण वास येतोय आणि रबरी सील फुगलंय. बदलतोच. घाट रोडवर एका दुकानात त्याच पार्ट नंबरचा सेन्सर मिळाला, १,१५० रुपये. घेताना काउंटरवरच मीटर लावलं. दुकानदार म्हणाला, 'साहेब, हे पहिल्यांदाच पाहून राहिलो.' दुकानातल्या कुलरसमोर १.७ किलो-ओहम. शेजारी डबीत दुसऱ्या कंपनीचा अगदी तसाच दिसणारा होता, ४५० ला. तो ५ किलोच्या वर दाखवत होता. तो खराब नव्हता, वेगळ्या तक्त्याचा होता. मुकाट बसला असता आणि आयुष्यभर खोटं बोलला असता.

पेट्रोलवाला_सदर | २२ मे, रात्री १०:०५

पेट्रोल गाडीत असतो का हा?

हिंगण्याचा_वायरवाला | २२ मे, रात्री १०:१०

बहुतेकांत वेगळा नसतो. झोपा सुखाने.

मानेवाडा भाऊ, बसवताना : रात्रभर थंड झालेली गाडी, बॅटरीचा निगेटिव्ह काढा. फिल्टरभोवतीची धूळ आधी ब्रशने झाडा, मग फडक्याने पुसा, मगच सेन्सर खोला. इंजेक्टरची भोकं जवळपास केसाएवढी बारीक असतात, तुमच्या अंगणातली माती त्यांना चालत नाही. नव्या ओ-रिंगला (सेन्सरभोवतीचं रबरी कडं) डिझेलचा थेंब लावा. फिल्टरचं डोकं प्लास्टिकचं असेल तर स्क्रूवर ताकद दाखवू नका. शेवटी हँड पंपाचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा, हवा निघून जाते. तुमच्याकडे फुगा नसेल तर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, इलेक्ट्रिक पंप ते काम करतो.

मानेवाडा_ते_बुटीबोरी | २४ मे, दुपारी १२:३०

बसवला. पण त्याआधी, ताईंचं भूत डोक्यात असल्यामुळे, नवा आणि जुना दोन्ही सेन्सर धाग्याने बांधून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडले, पिना वर ठेवून. मध्ये स्वयंपाकघरातला थर्मामीटर. मुलगी वहीत लिहीत होती. ६० डिग्रीला नवा ५९०, जुना १००० ओहम. ४० ला नवा ११६०, जुना १९८०. नवा तक्त्याच्या रेघेवर, जुना सगळीकडे पावणेदोन पट. त्या हिशोबाने परवा ८४० दाखवत होता तेव्हा डिझेल खरं ६५ डिग्री होतं.

पहिल्या स्टार्टला गाडीने जरा वेळ घेतला, एकदा खोकली, मग लागली.

धंतोलीची | २४ मे, दुपारी १:१५

वहीचं पान टाका इथे. वर्गात दाखवते.

मानेवाडा_ते_बुटीबोरी | २६ मे, रात्री ९:२०

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले तापलेले नऊ दिवस, सुरू झाला. काल-आज दोन्ही दिवस दुपारी चारला वर्धा रोड, एसी फुल, बाहेर ४६. डिझेल ६३. आज पहाटेचे तीन आकडे ३०, ३१, ३०. लाइट नाही, पॉवर पूर्ण. टाकी अर्ध्याच्या वर ठेवली आहे, डिझेलभाऊंच्या सल्ल्याने.

संत्रा टर्बोसाठी खर्च : सेन्सर १,१५०, वायर-नळी-क्लिप ७०, रेझिस्टर २. पातेल्याला डिझेलचा वास गेला नाही म्हणून ते आता बॉनेटखालच्या कामाला, आणि सौ.नी काल इतवारीतून नवीन आणलं. तो आकडा मला अजून सांगितलेला नाही.